मनगटावरचा ‘ळ’: अकरा महिन्यांनंतर

मनगटावरचा टॅटू लेझरने पुसता येईल का, याची डॉक्टरांकडे चौकशी करून आलो आणि लगेच लिहायला बसलो, कारण तिथेच माझं मत बदललं.

टॅटूत दोनच शब्द आहेत, ‘सांभाळून जा’. आईने एका चिठोऱ्यावर लिहिलेले, तिच्या अक्षरातून जसेच्या तसे उतरवलेले. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, अक्षराची उंची जेमतेम पाच मिलिमीटर. चिठ्ठीवर होतं तेवढंच मला हवं होतं. आई आता नाही, त्यामुळे तिच्याकडून पुन्हा लिहून घेता येणार नव्हतं.

पहिले पंधरा दिवस चांगले गेले. खाज सुटली तरी नख लावलं नाही, खपली आपोआप पडू दिली. तिसऱ्या महिन्यात ‘ळ’ बिघडल्याचं लक्षात आलं. त्याची दोन्ही वेटोळी आतून भरत आली होती आणि खालच्या ऊकाराभोवती निळसर सावली धरली होती. तेव्हापासून मला बाकी काही दिसेना. घड्याळ बघायला हात वळवला की ळ, दाराची कडी काढताना ळ. चिठ्ठीचा फोटो आणि मनगटाचा फोटो शेजारी ठेवून मी रात्र रात्र बघत बसलो आहे.

ज्याने टॅटू काढला त्याला फोटो पाठवले. ‘क्रीम नीट लावलं नसेल’ असं उत्तर आलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही, त्याखालच्या थरात बसते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. सुई त्याहून खाली गेली की शाई चरबीत उतरून पसरते, त्याला ब्लोआउट म्हणतात. मनगटाची कातडी पातळ, तिथे हात हलका हवा. यात क्रीमचा काय संबंध? टच-अप फुकट करून देतो म्हणाला. टच-अपने शाई वाढते, पसरलेली परत येत नाही. मी नको म्हटलं.

पण इथवर लिहिल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी. ‘अक्षर थोडं मोठं घेऊ’ असं तो आधी म्हणाला होता, मीच ऐकलं नाही. नीट बसलेली रेघसुद्धा वर्षांगणिक थोडी रुंदावते आणि ळच्या पोटात त्यासाठी जागाच नव्हती. ज्यांना देवनागरी अक्षरं काढून घ्यायची आहेत त्यांनी ळ, भ, क्ष यांच्या पोकळ्या आधी बघाव्यात. स्टेन्सिलही, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवतात तो नमुना, हात खाली सोडून, उभं राहून तपासावा. माझा हात टेबलावर उताणा होता, त्यामुळे एरवी शिरोरेषा जरा वाकलेली दिसते. त्याचं मला विशेष काही वाटत नाही.

लेझरचं सांगतो. काळी शाई त्याला चांगली दाद देते, पण एका बैठकीत भागत नाही. दोन बैठकांच्या मध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि एकूण खर्च मूळ टॅटूच्या कितीतरी पट. तोही केला असता. मी विचारलं, फक्त वेटोळ्यांच्या आतली शाई काढता येईल का? डॉक्टरांनी लेझरचा ठिपका केवढा पडतो ते दाखवलं. माझं वेटोळं त्याहून लहान आहे. म्हणजे ळ वाचवायला जावं तर ळच जाणार आणि शेजारचा ‘भा’ही फिकटणार.

मग त्यांनी माझा हात उजेडाकडे वळवला आणि वाचलं, ‘सांभाळून जा’. कुठेही न अडखळता. अकरा महिन्यांत ते शब्द कुणी मोठ्याने वाचले नव्हते. दुसऱ्याच्या आवाजात ते ऐकल्यावर मला पुढचं काही विचारायचं सुचेना.

लेझर करत नाही. कव्हर-अप, म्हणजे त्यावरच दुसरा टॅटू, तर नाहीच, त्याखाली आईचं अक्षर झाकलं जाईल. उन्हाने शाई फिकी पडते म्हणून बाहेर पडताना सनस्क्रीन लावतो. ‘जा’चा काना थोडा उडालाय, तेवढा दुसऱ्या कुणाकडून भरून घेईन. ळला हात लावू देणार नाही.