हेलिओव्ह्यूअर: सूर्यावरची कमान निवताना पाहायची असेल तर

सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साधारण 5,800 केल्विनचा, आणि त्याच्या वरचं विरळ प्रभामंडळ दहा लाखांच्याही पुढे. विस्तवापासून दूर जावं तसं जास्त भाजावं, असं हे कोडं. भौतिकशास्त्र शिकवताना ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर मांडत आले; डोळ्यांनी पाहिलं ते हेलिओव्ह्यूअर या सूर्याची चित्रं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर.

सेवा मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. तारीख-वेळ टाकायची, तरंगलांबी निवडायची, की 2010 साली झेपावलेल्या एसडीओ या नासाच्या सूर्यनिरीक्षक यानाने टिपलेला सूर्य समोर येतो. मी सूर्याच्या कडेवरचा सक्रिय प्रदेश, म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राचा भाग, निवडते. तिथे प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूच्या, कमानी काळ्या आकाशावर सुट्या दिसतात.

मग एकाच कमानीवर नजर ठेवून 211, 193 आणि 171 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) या तरंगलांबींच्या चित्रफिती बनवल्या. 211 मध्ये सुमारे वीस लाख केल्विनचा प्लाझ्मा चमकतो, 171 मध्ये सहा-सात लाखांचा, 193 मधला. (211 मध्ये चमकतं ते तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. 1869 च्या ग्रहणात प्रभामंडळाच्या वर्णपटात दिसलेली हिरवी रेषाही त्याचीच. तेव्हा ते नवं मूलद्रव्य वाटलं होतं.) माझी कमान आधी 211 मध्ये उजळली, मग 193 मध्ये, आणि तिथे विझत आली तेव्हा 171 मध्ये उमटली. म्हणजे मी पाहत होते ते तापणं नव्हतंच, निवणं होतं. आच आधीच लागून गेली होती!

भौतिकशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांच्या 1988 च्या नॅनोफ्लेअरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म स्फोटांच्या, कल्पनेशी हे जुळतं. कमानीचे पाय खालच्या खदखदत्या थरात रोवलेले असतात, ते ढवळले जाऊन चुंबकीय रेषांना पीळ पडतो, आणि रेषा तुटून नव्याने जुळताना ऊर्जा झटक्याझटक्याने सुटते. पण घाई नको. पायथ्याशी एकवटलेली आच सतत चालू असली, तरी वरचा प्लाझ्मा निवून खाली ओघळू शकतो. चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या आल्फ्वेन लहरींचा या तापण्यात वाटा किती, हाही वाद मिटलेला नाही.

इथले रंग कृत्रिम आहेत आणि चित्रं संकुचित केलेली, त्यामुळे तेजाची मोजमापं यांवरून करू नका; त्यासाठी मूळ विदा लागते.

चुंबकीय नकाशाचा थर मात्र जरूर लावा. पश्चिम कडेवरची कमान घेतली असेल तर तारीख आठवडाभर मागे न्या. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने तोच प्रदेश चकतीच्या मध्याशी सापडेल, आणि कमानींचा एक पाय पांढऱ्या डागात, दुसरा काळ्यात, म्हणजे विरुद्ध चुंबकीय ध्रुवांत, रोवलेला दिसेल.