कुबा नक्षीची सोलापुरी चादर: घ्यावी का?

सोलापूरच्या चाटी गल्लीत मिळालेली ही सुती जॅकार्ड (विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावरची) चादर, ६० बाय ९० इंच, काळ्या आणि सायीच्या रंगात. नक्षी काँगोच्या कासाई भागातल्या कुबा लोकांची: चौकटी, एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्या, नागमोडी रेघा.

मूळ कापड राफिया ताडाच्या पानांच्या धाग्याचं. पुरुष मागावर विणतात, बायका सुईने भरतात. धागा विणीखालून ओढून दोन्ही टोकं कापायची, गाठ मारायची नाही. घट्ट विणच तो धरून ठेवते. त्यातूनच मखमलीसारखी लव येते. फ्रेंच चित्रकार आंरी मातीसनेही अशी कापडं जमवून भिंतीवर टांगली होती.

चादरीत ती लव नाही, आणि यंत्रमागाकडून तशी अपेक्षाही नको. खटकतं ते वेगळंच. कुबा नक्षी मध्येच वळण बदलते, एखादी चौकट मुद्दाम मोडते. तोच तिचा जीव. इथे जॅकार्डवर एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. डिझायनरने आवर्तन मोठं घेतलं असतं, तर चादर कितीतरी जिवंत झाली असती.

वीण मात्र अस्सल सोलापुरी. उलट बाजूला रंगांची अदलाबदल, त्यामुळे दोन्ही बाजू वापरता येतात. मोठ्या काळ्या चौकटींत काही धागे लांब मोकळे सुटलेत; बांगडी, पैंजण अडकून ओढले जातात. घेताना तिथे नख फिरवून बघा. ओला पांढरा रुमाल काळ्या भागावर घासा. डाग उतरला तर घेऊ नका, पहिल्याच धुण्यात सायीचा रंग मळकट होईल. थंड पाण्यात वेगळी धुवा, सावलीत वाळवा.

पांघरायला उत्तम. भिंतीवर लावण्यासाठी घेणार असाल, तर थांबा.