फाइव्ह-पॅरा मॉनिटर: पडदा सोडा, केबल बघा

आयसीयूसाठी फाइव्ह-पॅरा मॉनिटर (ईसीजी, श्वास, बीपी, रक्तातला ऑक्सिजन आणि तापमान दाखवणारा) घ्यायचा म्हटलं, की डेमोला आलेला माणूस टचस्क्रीन आणि रंगीत लाटा दाखवतो. मधल्या किमतीच्या मॉनिटरांत त्या सगळ्यांच्याच छान असतात. खरा कस लागतो तो डब्याबाहेर लोंबणाऱ्या सामानाचा.

खोक्यात बहुधा एकच अडल्ट कफ (बीपी मोजायला दंडाला बांधायचा पट्टा) येतो. त्याच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण 40 टक्के हवी. जाड दंडावर लहान कफ ओढूनताणून बांधला की बीपी खोटंच वाढीव येतं. तीन मापांचे कफ बिलातच लिहून घ्या. कफ आणि एसपीओटू प्रोब (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, बोटाला लावायचा चिमटा) एकाच हाताला लावले, तर कफ फुगताच बोटातला प्रवाह थांबतो, लाट सपाट होते आणि मॉनिटर बोंबलतो. कफ फुगताना तेवढा अलार्म गप्प ठेवायची सोय काही मॉडेलांत असते, ती मेन्यूत उघडून दाखवायला सांगा. प्रोब मात्र गार बोटावर लावून तपासा, उबदार बोटावर सगळेच पास होतात.

सर्वांत कच्चा आकडा श्वासाचा. तो ईसीजीच्या चिकटपट्ट्यांतूनच, छातीच्या हालचालीवरून काढलेला असतो. श्वासनलिका अडली तरी छाती हलतेय तोवर मोजणी चालूच. व्हेंटिलेटरचे पेशंट ठेवणार असाल तर ईटीसीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) आणि आयबीपी (धमनीत नळी घालून सतत मोजलेलं बीपी) मॉड्यूलची जागा असलेलाच घ्या.

आयबीपीत गफलत माणसाची होते. ट्रान्सड्यूसर (त्या नळीतला दाब मोजणारा सेन्सर) स्टँडवर तसाच ठेवून खाट 10 सेंटिमीटर वर केली, की बीपी सुमारे 7.5 मिमीने (पाऱ्याच्या) जास्त दिसतं. म्हणजे पडद्यावर मीन (सरासरी बीपी) 65, प्रत्यक्षात 57 च्या आसपास, आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे बीपी वाढवणारं औषध कमी करायला घेतलेलं! खाट हलली की चौथ्या बरगडीखालची फट आणि काखेची मधली रेषा जिथे मिळतात त्या पातळीला ट्रान्सड्यूसर आणा. प्रेशर बॅग (नळीत सलाइन दाबाखाली ठेवणारी पिशवी) 300 मिमीवर हवी. ती उतरली की लाइन गुठळीने बुजायला लागते, लाट बसकी होते.

अलार्मबद्दल विक्रेता फारसं बोलत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात 77 आयसीयू खाटांवर 31 दिवसांत 25 लाखांहून जास्त अलार्म नोंदले गेले (2014 चा अभ्यास). तपासलेल्या 12,671 अ‍ॅरिदमिया (हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या) अलार्मपैकी 88.8 टक्के खोटे. म्हणून डेमोत लिमिट बदलायला किती टॅप लागतात ते मोजा. पाच-सहा लागले, तर रात्रपाळीची सिस्टर थेट म्यूटच दाबणार. जेल सुकलेल्या चिकटपट्ट्या रोज बदलल्या तर बरीच कटकट तिथेच मिटते.

शेवटी प्लग काढा, दर पाच मिनिटांनी कफ चालू ठेवा आणि घड्याळ लावा. पेशंटला सीटी स्कॅनला नेऊन आणेपर्यंत बॅटरी टिकली नाही, तर सौदा नको.