कॉफीचा सबस्क्रिप्शन बॉक्स, एकाच कॉफीचं पाकीट की माटुंग्याची दळलेली?

गेलं वर्षभर घरी मी कॉफी तीन प्रकारे घेऊन बघितली. एक म्हणजे दर महिन्याला कंपनीच निवडून तीन-चार छोटी पाकिटं पाठवते तो बॉक्स, दुसरं आवडलेल्या एकाच कॉफीचं 250 ग्रॅमचं पाकीट ठरावीक दिवसांनी, आणि तिसरी माटुंग्याला समोर दळून मिळते ती चिकोरीवाली (चिकोरी म्हणजे एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड) फिल्टर कॉफी, जी आमच्या घरी आधीपासून आहेच. तुम्ही घ्यायचा विचार करत असाल तर आधी एवढंच बघा की घरात दुधाची पितात की काळी, बाकी बरंचसं त्यावरच ठरतं.

बॉक्समध्ये शिकायला खूप मिळतं हे मात्र खरं. वॉश्ड म्हणजे गर धुवून मग वाळवलेली आणि नॅचरल म्हणजे अख्खं फळच वाळवून मग बी काढलेली, या दोन्ही एकाच सकाळी शेजारी-शेजारी करून प्या, फरक सांगावा लागत नाही. मला नॅचरलला पिकल्या फणसासारखा वास आला, नवऱ्याला तोच वास आंबल्यासारखा वाटला, म्हणजे आमच्याकडे कुठली चालणार ते एका पाकिटात कळलं. पाकिटावर रत्नागिरी इस्टेट, म्हणजे कॉफीच्या मळ्याचं नाव, वाचून मी खूश झाले होते पण ती आपली कोकणातली नाही, कर्नाटकात कोडगूला (कूर्गला) आहे.

पण 60 ग्रॅमच्या पाकिटात कप होतात चार. नवीन कॉफी आली की दळण किती बारीक ठेवायचं ते परत जुळवावं लागतं, पहिला कप कडू, दुसरा पांचट, तिसरा जमतो आणि चौथ्याला पाकीट संपलेलं असतं. ग्रॅममागे भावही मोठ्या पाकिटापेक्षा जास्तच पडतो. आणि एकदा मी दळलेलीच मागवली, दोन पाकिटं फोडून ठेवली, तिसऱ्या आठवड्यात त्यात नुसता रंग उरला होता, फार वाईट वाटलं कारण पहिल्या दिवशीचा सुगंध अजून आठवत होता. ग्राइंडर नसेल तर बॉक्स घेऊच नका, ते पैसे आधी हाताने फिरवायच्या ग्राइंडरला घाला.

250 ग्रॅमच्या पाकिटाचा हिशोब सोपा आहे, कपाला 15 ग्रॅम धरले तर 16 कप, 600 रुपयांचं पाकीट असेल तर कप 37-38 रुपयांना. आम्ही दोघंच पितो, रोज एकेक कप, म्हणजे आठ दिवसात संपतं, रविवारी पाहुणे आले तर आणखी लवकर. रोस्टची, म्हणजे बिया भाजल्याची, तारीख छापलेली नसेल तर घेऊ नका. भाजल्यावर बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून मी तरी आठवडाभर थांबते आणि मग महिन्याच्या आत संपवते. डबा हवाबंद हवा, आणि रोजचा डबा फ्रिजमध्ये नको, ओल धरते आणि चिरलेल्या कांद्याचा वासही घेते.

दुधाची पिणाऱ्यांनी लाइट रोस्टच्या, म्हणजे कमी भाजलेल्या कॉफीच्या, नादी लागू नये, दुधात ती आंबट आणि पातळ लागते. मीडियम डार्क, म्हणजे जरा जास्त भाजलेली, घ्या, किंवा मॉन्सून्ड मलबार, हिच्या बिया किनाऱ्यावरच्या गोदामात पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, त्या फुगतात, फिकट होतात आणि आंबटपणा जातो, दुधाशी मस्त जुळते. तरी सासूबाईंना माटुंग्याचीच लागते. चिकोरीने डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, दाट होतं, भरपूर दूध घातलं तरी चव टिकते आणि खर्चही कमी, त्यांच्यासाठी ती बदलायची मला काही गरज वाटत नाही.

मी आता बॉक्स बंद केलाय. पहिल्यांदाच घेत असाल तर एक-दोन महिने जरूर घ्या, आवडलेल्या पाकिटाचं नाव लिहून ठेवा आणि मग त्याचंच मोठं पाकीट लावा. फक्त पॉज करता येतं का ते पैसे भरायच्या आधी बघा, गणपतीत आम्ही गावाला गेलो होतो आणि पाकीट आठ दिवस बंद दाराशी पडून होतं.