"राजवाडा आत्ता बंद आहे" : बँकॉकमध्ये आम्ही कसे फसलो

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पाच जण बँकॉकला गेलो होतो. मी, नवरा, आमची दहा महिन्यांची लेक आणि सासू-सासरे. बाबांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून 33 वर्षं काढली, बरीचशी साताऱ्याच्या स्टँडवर. ते आणि आई विमानात पहिल्यांदाच बसले. या सहलीत आमचे 42,000 बाट गेले, म्हणजे लाखाच्या वर रुपये. सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण फसवलं गेल्याची शंका त्याच दिवशी दुपारी आली होती आणि तरी आम्ही गप्प बसलो. आमचे पैसे खरे गेले ते या गप्प बसण्यामुळे, असं मला आज वाटतं.

तशी आम्ही काळजी घेणारी माणसं. थायलंडला जाताना डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते तान्ह्या बाळाचंही लागतं आणि पूर्ण मोफत असतं. नवऱ्याने शोधलं तर सगळ्यात वर आली ती माणशी पैसे मागणारी भलतीच साइट. त्याने पत्ता नीट बघून थाई इमिग्रेशनची सरकारी साइट शोधली आणि पाचही कार्डं तिथे भरली. त्यामुळे आपल्याला कोणी सहजासहजी गंडवणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाओ फ्राया नदीतून बोटीने था चांगच्या धक्क्यावर उतरलो. ग्रँड पॅलेस तिथून चालत अगदी जवळ आहे. दहा वाजले होते. ऊन चटके देत होतं, लेक घामाने निथळून किरकिर करत होती आणि बोटीत चढता-उतरताना आईंचे गुडघे धरले होते. राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चाललो असताना पन्नाशीचा एक गृहस्थ समोर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात छत्री. ती छत्री त्याने आधी लेकीच्या डोक्यावर धरली, मग आईबाबांना हात जोडून नमस्ते केलं. बाळ किती महिन्यांचं, आजीला बसायला हवंय का, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, राजवाड्यात भिक्खूंची पूजा चालू आहे, दीड वाजता उघडेल, बाळाला घेऊन उन्हात ताटकळू नका.

तिकीट खिडकी तिथून दिसत नव्हती. आम्ही पुढे जाऊन बघितलंच नाही. दोनशे पावलं चाललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्याने आमच्याच नकाशावर पेनाने खुणा केल्या. उभ्या बुद्धाचं देऊळ, मग एक "सरकारी एक्स्पोर्ट सेंटर", तिथे करमुक्त विक्रीचा आज शेवटचा दिवस. दोन टुकटुक, म्हणजे तिथल्या रिक्षा, त्यानेच थांबवल्या. प्रत्येकी 40 बाट, तेही तीन तास फिरवून परत इथे आणून सोडायचे. म्हणजे जेमतेम शंभर रुपये. हे परवडतं कसं, ते नंतर कळलं. टुकटुकवाल्याला दुकानाकडून पेट्रोलची कुपनं मिळतात आणि खरेदी झाली की कमिशन.

देऊळ खरं होतं आणि सुंदर होतं. वात इंथराविहानची ती बुद्धमूर्ती 32 मीटर उंच आहे. आई चप्पल काढून तिच्या पायाशी कितीतरी वेळ बसून राहिल्या. तिथेच सावलीत बाकावर एक जण बसला होता. सिंगापूरहून आलोय म्हणाला. बाबांशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागला आणि बोलता बोलता सांगितलं की मी दरवर्षी त्या सेंटरमधून नीलम घेऊन जातो, बाहेर दुप्पट भाव येतो. आज मला पक्कं वाटतं की तो छत्रीवाल्याचाच माणूस होता. एकाने सांगितलेलं दुसऱ्या अनोळखी माणसाने आपणहून सांगितलं, की आपण ते खरं धरतो.

बाबांची रास मेष, साडेसाती लागलेली. साताऱ्याच्या गुरुजींनी नीलम सुचवला होता, पण स्वतःवर एवढा खर्च करणं त्यांच्या स्वभावात नाही. शाळेच्या फिया, घराचे हप्ते, नणंदेचं लग्न यात त्यांनी स्वतःसाठी घड्याळसुद्धा कधी नवीन घेतलं नाही.

दुकानात एसी होता, थंड पाणी होतं. एका बाईने लेकीला रडताना बघितलं आणि मला वेगळ्या खोलीत नेलं. सोफा, गरम पाणी, लंगोट बदलायला स्वच्छ टॉवेल. परक्या मुलखात कोणी इतकं करतं म्हणून मला भरून आलं. आईही माझ्यासोबत आत होत्या. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर व्यवहार झाला होता. सोन्याच्या अंगठीत बसवलेला 3.2 कॅरेटचा निळा खडा, चांथाबुरीच्या खाणीतला म्हणे. नीलम शनिवारी घालतात हे बाबांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. विक्रेतीने तोच धागा उचलला. डबी प्लास्टिकमध्ये सील करून ती म्हणाली, आता ही शनिवारी घरी देवापुढेच उघडा. बाबांना ते फार पटलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

सव्वादोनला राजवाड्याशी परत आलो. आतून माणसांचे लोंढे बाहेर येत होते. राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी लोकांवर विश्वास ठेवू नका, अशी सूचना ध्वनिक्षेपकावर चालू होती. पहारेकऱ्याला विचारलं तर त्याने बोटाने पाटी दाखवली : सकाळी 8.30 ते दुपारी 3.30. पूजा वगैरे काहीही नव्हती. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. बाबा डबीच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "त्या माणसाची वेळेत चूक झाली असेल. खडा तर खरा आहे ना."

रात्री हॉटेलात मी शोधलं. थाई सरकारचं रत्नांचं कुठलंही दुकान नाही. हा फसवणुकीचा प्रकार तिथे वर्षानुवर्षं चालतो. पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबरही सापडला. आमचे तिथले तीन दिवस अजून बाकी होते. पण बाबा डबी उशाशी घेऊन शांत झोपले होते आणि त्यांना उठवून हे सांगायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. कदाचित खडा खरा असेलही, अशी स्वतःचीच समजूत घातली आणि पुढचे तीन दिवस हसत फोटो काढले.

तुमच्यावर ही वेळ आली तर असं करू नका. सील लगेच फोडा, पावती हातात घेऊन 1155 ला फोन करा आणि त्यांना घेऊन दुकानात जा. तुम्ही त्या शहरात आहात तोवरच दुकानदारावर दबाव येतो. आईवडिलांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका, आमचे बाबा नंतर त्याच गोष्टीवरून आमच्यावर रागावले.

शनिवारी पूजा करून बाबांनी अंगठी घातली. पंधरा दिवसांनी ती सैल होते म्हणून आम्ही लक्ष्मी रस्त्यावरच्या ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं, खडा उजेडात फिरवला आणि मलाही बघायला दिला. निळ्या रंगात बारीक वळणदार रेघा होत्या, जुन्या तबकडीवर असतात तशा. खाणीतल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ, कोनात जाणारे असतात; वळणदार रेघा कारखान्यात वितळवून बनवलेल्या खड्यात येतात, असं त्यांनी समजावलं. प्रयोगशाळेच्या तपासणीतही कृत्रिम असंच आलं. अशा खड्याची किंमत काही शे रुपये.

बँकेकडे तक्रार केली. पिन तुम्हीच टाकला आहे, म्हणून त्यांनी ती फेटाळली. पावतीवर फक्त "ब्ल्यू सफायर, 3.2 कॅरेट" आहे, "नैसर्गिक" हा शब्द कुठेच नाही. सोबतच्या गुळगुळीत प्रमाणपत्रावर प्रयोगशाळेचा पत्ता नाही आणि खड्याचं वजनही नाही. या तिन्ही गोष्टी दुकानातच बघता आल्या असत्या. त्या देशात खडे घ्यायचेच असतील तर तिथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

सराफांच्या दुकानातून बाहेर पडल्यावर बाबा घरापर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस मंडईत भाव विचारायला ते मला पुढे करायचे. "तू बघ, मला कळत नाही," म्हणायचे. ज्या माणसाने स्टँडवर शेकडो लोकांची भांडणं सोडवली, त्याच्या तोंडून हे ऐकताना माझ्या पोटात तुटायचं. त्या छत्रीवाल्याने आमच्या लेकीचं ऊन आणि आईंचे गुडघे वापरून आम्हाला गाठलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचे एसटीतले दोन मित्र घरी आले होते. जोडीने बँकॉकला निघालेत. बाबांनी आधी मला बोलावून अंगठी बाहेर काढायला सांगितली, त्यांच्यासमोर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न लपवता. मग वहीचं पान फाडून त्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलं, गाड्यांचं वेळापत्रक लिहायचे तसंच : "राजवाडा. दररोज. 8.30 ते 3.30. तिकीट माणशी 500 बाट, खिडकीवरच. पोलीस 1155." खाली दोन रेघा मारल्या. मित्र गेल्यावर मला म्हणाले, "तूही लिही. माझं नाव नको घालू, पण लिही."