आठ जागांचा इन्व्हर्टर, आठ महिन्यांनंतर

जांबोटीत जूनला पाऊस धरला की लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. चोर्ल्याच्या बाजूनं वारं सुटलं, एखादी फांदी तारेवर पडली, की झालं. माझं दुकान किराणा आणि दुधाचं. एक फ्रिज, तीन पंखे, दिवे, वजनकाटा एवढाच लोड. जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा होता. त्याच्यावर पंखे असे गुणगुणायचे की गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारायचं, "काय शेट, करंट गेलाय व्हय?" फ्रिजचा कॉम्प्रेसर तर हात लावू नये इतका तापायचा.

माझा भाचा बेळगावात इलेक्ट्रिकल शिकला. गेल्या मे महिन्यात त्यानं उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून हा सात पायऱ्यांचा इन्व्हर्टर बनवून आणवला. पायऱ्या म्हणजे काय, तर चौकोनी लहर तळातून एकदम माडीवर उडी मारते. हा शून्य, १२, २४, ३६ व्होल्ट असा चढतो, तसाच उतरतो, मग उलट्या बाजूला तेच. पुढं ट्रान्सफॉर्मर त्याचे २३० करतो. मी दूधवाला, मला भेसळीच्या भाषेत कळतं. चौकोनी लहरीत ५० हर्ट्झच्या मूळ लहरीच्या मानानं नको असलेल्या लहरींची ४८ टक्क्यांच्या आसपास भेसळ असते. सात पायऱ्या नीट बसवल्या तर ती १२ च्या जवळपास येते. अगदी शुद्ध नव्हे, पण पंखे गप्प झाले आणि कॉम्प्रेसर कोमट राहतो. मिक्सरचा आवाज अजून जरा घोगरा येतो. फ्रिज सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात, तेही आहेच.

आता मुद्दा कमी पार्टचा. सारख्या तीन बॅटऱ्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र एच-ब्रिज (बॅटरी सुलट-उलट जोडणारी चार स्विचची चौकट), असं केलं की सात पायऱ्यांना १२ स्विच लागतात. इथं दोनच ब्रिज आहेत, म्हणजे ८ स्विच, म्हणून आठ जागांचा. युक्ती अशी की एका ब्रिजला एकटी १२ व्होल्टची बॅटरी आणि दुसऱ्याला दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची जोडी. पहिल्या पायरीला एकटी, दुसरीला जोडी, तिसरीला दोघी मिळून. ब्रिज एकापुढं एक जोडायची कल्पना जुनी आहे, १९७५ सालचं अमेरिकन पेटंट आहे त्याचं. जोडणारा मेकॅनिक कानडी बोलणारा, त्यानं झाकण लावता लावता सांगितलं, "पार्ट कडिमे, तोंदरे कडिमे." पार्ट कमी, त्रास कमी. हे अर्धंच खरं निघालं.

पहिल्याच महिन्यात एकट्या बॅटरीचं पाणी भराभर उतरायला लागलं. झाकणं उघडली की आंबूस वास. मी बॅटरीलाच शिव्या घातल्या. भाचा आला, बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला. आकडा जास्त तेवढा चार्ज जास्त शिल्लक. रात्रभर वापरानंतर एकटीचा आकडा ११९५, जोडीचा ११८०. मग त्यानं दुकानाच्या वहीत गणित मांडून दाखवलं. लहरीच्या माथ्यावर दोघी असतात, पण मधल्या पायरीला जोडीच राबते. एकटीच्या वाट्याला फक्त खालची पायरी आणि माथा. जोडीतून १०० अँपिअर-तास गेले तर एकटीतून ७८ च्या आसपास जातात. आणि वर्कशॉपवाल्यानं चार्जर बसवला होता एकच, ३६ व्होल्टचा, तिघींना एका माळेत. जोडी भरेपर्यंत एकटी आधीच भरून उकळत बसायची. भांडून दोन वेगळे चार्जर करून घेतले. हे आधीच द्यायला हवे होते.

भाचा वर म्हणतो, "मामा, एकटी दीडशेऐवजी १२० अँपिअर-तासाची घेतली असती तरी चाललं असतं." हे मला तीन दीडशेच्या घेऊन झाल्यावर कळलं.

दुसरा फटका ऑगस्टमध्ये. पाल बोर्डावर चढली आणि जोडीच्या ब्रिजमधल्या एका जागेचे मॉसफेट, म्हणजे स्विचचं काम करणारे पार्ट, शॉर्ट झाले. प्रत्येक जागी दोन समांतर लावलेत, दोन्ही गेले. बारा स्विचच्या मांडणीत एक ब्रिज बाजूला काढून उरलेल्या दोनांवर, व्होल्टेज कमी झालं तरी, निदान काहीतरी चालवायची सोय करता येते. इथं मोठा ब्रिज गेला की मागं १२ व्होल्टच उरतात, त्याचा काय उपयोग? ऐन गणपतीच्या तोंडावर दीड दिवस फ्रिज बंद आणि दोन कॅन दही गायीला. दुरुस्ती मात्र चाळीस मिनिटांत झाली. सगळ्या जागांचे मॉसफेट एकाच नंबरचे, बेळगावात मिळणारे. मेकॅनिकला शोधाशोध करावी लागली नाही. हवेच्या फटींना आता बारीक जाळी मारलीय.

घेताना दोन पर्याय आले होते. एक १२ आणि ३६ व्होल्टचा, तेवढ्याच आठ स्विचवर नऊ पायऱ्या देणारा. पण त्यात २४ ची पायरी ३६ मधून १२ वजा करून काढतात, म्हणजे तेवढा वेळ मोठी बॅटरी लहानीला भरत बसते. नको म्हटलं. दुसरा सहा स्विचचा, एक बॅटरी-बँक आणि एक कपॅसिटर. त्या कपॅसिटरचं व्होल्टेज सतत एक तृतीयांशावर धरून ठेवावं लागतं, ते काम सॉफ्टवेअरचं. जांबोटीत सॉफ्टवेअर बिघडलं तर कोण येणार?

आज विचाराल तर मी हाच पुन्हा घेईन, पण वेगळे चार्जर आणि जाळी आधी मागून, आणि एकटी बॅटरी लहान घेऊन. ज्याला बॅटरीकडं महिन्यातून एकदाही वाकून बघायचं नाही, त्यानं बाजारातला साधा साइन वेव्ह घ्यावा. माझ्या तिन्ही बॅटऱ्या सारख्याच असल्यानं मी पाळी बदलतो. जोडीतली एक काढून एकटीच्या जागी आणायची, तिला जरा विसावा. पहिली फेर खंडेनवमीला पूजा झाल्यावर केली, दुसरी परवा संक्रांतीला. परवाच्या फेरीला रात्रभर चालवून बघितलं, जोडीतल्या दोघींच्या आकड्यांत दोन-चारचाच फरक होता. आता तिघींचीही एकटीच्या जागी एकेक पाळी झाली, पुढची फेर पाडव्याला.