इंदूरची बास्केटबॉलची संध्याकाळची बॅच: पाया पक्का हवा असेल तर इथेच घाला

रेसकोर्स रोडच्या बाजूला एक सर संध्याकाळी मुलांची बॅच घेतात, आमची मुलगी जातेय तिथे वर्ष होत आलं. ओळखीतले आईबाबा सारखे विचारतात कसं आहे म्हणून इथेच लिहितेय. क्लास मस्त आहे, फक्त ज्यांना घाई आहे त्यांनी जाऊ नये.

सरांनी कितीतरी वर्षं कॉलेजच्या टीमला शिकवलंय आणि ते जॉन वूडनना गुरू मानतात. वूडन म्हणजे अमेरिकेतल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीचे कोच, १९४८ ते १९७५ एकाच जागी, शेवटच्या १२ सीझनमध्ये १० वेळा नॅशनल चॅम्पियन, मध्ये सलग ८८ मॅचेस जिंकल्या. पण पहिलं टायटल यायला १९६४ उजाडलं हो! इतकी वर्षं युनिव्हर्सिटीने माणूस बदलला नाही, आणि आपण दोन महिन्यांत विचारायला जातो की सर हिला मॅच कधी खेळवणार.

वूडन सीझनच्या सुरुवातीला मोजे कसे घालायचे ते शिकवायचे, करीम अब्दुल-जब्बार, बिल वॉल्टन असल्या पुढे मोठे स्टार झालेल्या प्लेयर्सनासुद्धा, कारण मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की प्रॅक्टिस बुडते. इथेही आधी मोजे, लेस, उभं राहणं, मग बॉल. सुरुवातीला मुलगी कंटाळली होती, आता घरी धाकट्या भावाची लेस तीच तपासते.

आणि सर बोलतात किती कमी! १९७४-७५ मध्ये दोन सायकॉलॉजिस्ट वूडनच्या प्रॅक्टिसला बसून त्यांचं बोलणं नोंदवत होते, तर शाबासकी थोडी, रागावणं थोडं, बाकी बहुतेक सगळं काय करायचं आणि कसं करायचं एवढंच निघालं. आमचे सर अगदी तसे, "कोपर आत घे", "गुडघे वाकव", झालं. ओरडणं नाही, दुसऱ्या मुलांशी तुलना नाही, ह्यासाठी तर मी त्यांना पैकीच्या पैकी देईन.

कमी काय आहे तर कोर्टच्या एका टोकाला उजेड कमी पडतो आणि पालकांना बसायला धड जागा नाही. कोर्ट सिमेंटचं आहे तेव्हा शूज चांगल्या सोलचेच घ्या. फी बाकी क्लासेसएवढीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅच लवकर भरते, मार्चमध्येच सरांशी बोलून ठेवा.